जळते ते काय?

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी दुसऱ्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रही. तेव्हा चुली आल्याच. या परिसरात नारळीच्या बागा विपुल आहेत, आणि ज्वलनाचे शास्त्र समजून घ्यावयास हे एकच झाड पुरेसे आहे.

वाळलेली झावळी चुलीत सारली की भडकते आणि पाहता पाहता संपते. करवंटी सावकाश पेटते, पण तिची आच प्रखर असते व मागे राहिलेला निखारा पुष्कळ वेळ टिकतो. सोडण तर बहुधा नुसते धुमसत राहते. एकाच झाडाच्या या तीन अवयवांच्या वर्तनात एवढे अंतर का असावे?

ज्वाला ही वायूची असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सरपण तापले म्हणजे आधी त्यातील पाणी निघून जाते. नंतर त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. त्याच्याशी यांचा संयोग होताना उष्णता व प्रकाश निर्माण होतात. या उष्णतेचा काही अंश सरपणाकडे परतून आणखी वायू मोकळे करतो, आणि आग स्वतःच स्वतःला पोसते. वायू सरले की कोळसा उरतो. तो पृष्ठभागावरच जळतो, म्हणून निखाऱ्याला ज्वाला जवळजवळ नसते. ओले लाकूड रडते ते याचमुळे: आरंभीची उष्णता पाणी उडविण्यातच खर्ची पडते.

मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली. नुकत्याच विझविलेल्या मेणबत्तीच्या वातीतून पांढरी रेघ वर चढते. ती मेणाची वाफ होय. पेटती काडी त्या रेघेला लावली, की ज्योत वातीवर उडी घेते. ज्योतीचा पिवळा रंग मात्र तप्त काजळीच्या सूक्ष्म कणांचा. दिव्यावर ताटली धरून काजळ पाडणाऱ्या आजीबाईंनी हेच कण गोळा केलेले असतात.

आता पुन्हा झावळीकडे वळू. तिची पाती पातळ, म्हणून ती चटकन तापतात. हवा त्यांना चहूकडून मिळते. चुलीत हा गुण ठरतो. छपरावर तोच घातक होतो, कारण तप्त वायू वरच चढतात आणि शाकारणीचा पुढचा भाग आग पोहोचण्यापूर्वीच तापू लागतो. ओरत्तनाडुच्याच तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम येथे, १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागली व वर्गांवरील छपरापर्यंत पोहोचली. ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर तामिळनाडू सरकारने शाळांवरील अशी छपरे उतरविण्याचा आदेश काढला.