मिठाचें पाणी आणि गावरान पक्षी



टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील रानांतला पक्षी. १६१२ सालीं मुकर्रबखानानें तो गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नेला. मनसूर चित्रकारानें रेखाटलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. आपल्या अरण्यांत मात्र रानटी टर्की नाहीं. आणि रानकोंबड्यासारख्या वनपक्ष्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय दिलेलें आहे. तेव्हां नागपूरच्या स्वयंपाकघरापुरता हा विषय गावरान कोंबड्याचा आणि पाळीव टर्कीचा होय.

मोकळा हिंडणारा पक्षी अंगानें सडसडीत असतो. चरबी थोडी असल्यामुळें त्याचें मांस, विशेषतः छातीचें, शिजतांना कोरडें पडतें. त्यावर उपाय मिठाच्या पाण्याचा. एक लिटर पाण्यांत ६० ग्रॅम मीठ विरघळवावें, पाणी चांगलें थंड करावें आणि मांस त्यांत पूर्ण बुडवावें. तुकड्यांस दोन-तीन तास पुरतात. अख्ख्या पक्ष्यास एक रात्र लागते. मीठ हळूहळू आंत शिरतें, मांसांतील प्रथिनांचे तंतु फुगतात व पाणी धरून ठेवतात. मग आंचेवर रस कमी गळतो. जून पक्ष्याचा चिवटपणा मात्र एवढ्यानें जात नाहीं. त्यास मंद आंच आणि वेळ हींच हवींत.

आतां सावधगिरीची गोष्ट. लोणच्याच्या अनुभवावरून आपणांस वाटतें, कीं मिठांत ठेवलेला पदार्थ टिकतोच. परंतु या पाण्यांतील मीठ लोणच्याहून पुष्कळ कमी असतें. तें मांसास चव देतें, त्याचें रक्षण करीत नाहीं. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हाळ्यांत हें भांडें ओट्यावर राहिलें, तर जंतु झपाट्यानें वाढतात आणि घरांतील मुलें व वृद्ध आजारी पडतात. म्हणून भांडें झांकून शीतकपाटांत, पांच अंशांखालीं ठेवावें. विजेचा भरंवसा नसेल, तर या उपायाच्या नादीं लागूं नये. मांसास मीठ-हळद चोळून तें लगेच चुलीवर चढवावें.

भिजवलेलें पाणी पुन्हां न वापरतां टाकून द्यावें आणि मांस निथळून कोरडें करावें. सावजी पद्धतीचा झणझणीत रस्सा करावयाचा असल्यास त्यांत आधीं मीठ घालूं नये. मांस शिजल्यावर चव पाहून मगच घालावें.