यू मुंबा : हुतुतूचा धंदेवाईक संघ

शहापूर-मुरबाडकडे भातकापणीनंतर मोकळ्या खाचरांत हुतुतू रंगे, तेव्हां गांवचा गडी गांवासाठींच खेळे. शाबासकी हेंच त्याचें वेतन. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग निघाली आणि गड्यांचा लिलाव होऊं लागला. मुंबईच्या ‘यू मुंबा’ संघाचे नायक झाले हरियाणाचे अनुप कुमार. चढाईंत घाई नाहीं, चेहऱ्यावर गडबड नाहीं. असा नायक विरळाच! पहिल्या वर्षीं अंतिम सामन्यांत जयपूरनें ३५-२४ असें हरविलें. २०१५ सालीं मात्र मुंबईतच बेंगळुरूस ३६-३० असें नमवून संघानें अजिंक्यपद पटकाविलें. २०१६ मध्यें पुन्हां अंतिम सामना. पाटण्याकडून अवघ्या तीन गुणांनीं हार. पुढें २०१८ च्या लिलावांत अनुप कुमारांस विकत घेतलें, तें जयपूरनेंच.