मुंबईच्या कोटाचा बाजार दरवाजा आणि आपले दयाद्वार



तिश्री महिना जवळ आला की आपल्या घरांतून ‘दरफाळणीचा सण’ हे शब्द पुन्हा कानी पडू लागतात. किप्पूरला हे नाव आपल्या कोकणातील पूर्वजांनी दिले. त्या दिवशी ते शुभ्र वस्त्रे नेसून, उपवास करून, दारे लावून घरात बसत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ येई. तेव्हा दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि आप्तेष्टांच्या भेटी होत. दार केव्हा लावावे आणि केव्हा उघडावे याचा असा विचार करणाऱ्या समाजापुढे आज मी एका जुन्या दरवाजाविषयी बोलणार आहे.

आपण दुबईत राहतो. येथील अल फहिदी भागात प्रवाळाच्या दगडांनी आणि जिप्समच्या गिलाव्याने बांधलेल्या जुन्या तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. हा तट 1800 च्या सुमाराचा. त्या काळी खाडीकाठचे हे लहानसे गाव त्याच्या आत सामावत असे. त्याच सुमारास, समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, मुंबईलाही तट होता, आणि त्या तटाच्या इतिहासात आपल्या समाजाचे एक पान आहे.

मुंबईचा कोट अठराव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेस अपोलो दरवाजा, पश्चिमेस सेंट थॉमस चर्चच्या वाटेवरचा चर्चगेट आणि उत्तरेस बाजार दरवाजा, म्हणजेच बझारगेट. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इंग्रज धास्तावले आणि तटाभोवती खंदक खणण्याचे काम सुरू झाले. भयापोटी धनही पुढे येते. त्या खंदकासाठी शहरातील व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली.

या तिन्ही दरवाजांपैकी बाजार दरवाजा आपल्याला जवळचा. कोटाच्या उत्तर भागात देशी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेथून बाहेर पडणारी वाट मांडवी आणि डोंगरीकडे जाई. दिवसभर या दरवाजातून माल आणि माणसे ये-जा करीत आणि रात्री तो बंद होई. आपली माणसे कंपनी सरकारच्या पलटणीत मानाने चाकरी करीत. त्यांची घरे मात्र कोटाबाहेर, याच उत्तरेकडच्या वस्तीत होती.

या शिपाईगड्यांपैकी एक होते सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना आपण सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणून ओळखतो. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुखरूप सुटले. सुटका झाल्यास ईश्वराचे मंदिर बांधीन असा त्यांचा नवस होता, असे आपली परंपरा सांगते. 1796 मध्ये त्यांनी मांडवीत मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारले. पुढच्याच वर्षी कोचीन येथे त्यांचे निधन झाले. आपण ज्याला ‘जुनी मशीद’ म्हणतो ते हेच सिनेगॉग. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार.

हेच नाव यरुशलेमच्या पूर्व तटातील एका दरवाजालाही आहे. तो शतकानुशतके दगडांनी बुजवलेला आहे. तेथे दरवाजा तटात आहे, पण वाट नाही. मांडवीच्या द्वाराला तट नव्हता आणि वाट मात्र खुली होती. कोकणातून गलबताने आलेला तेली, सुतार, शिपाई, शब्बाथला तेथे येऊन आपल्या माणसांत बसू शके.

पुढे कोटाचे काय झाले? 1803 मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर अनेक लोक बाहेर राहावयास गेले. शहर वाढत गेले. शत्रूचे भय उरले नाही, उलट तटच रहदारीची आणि मोकळ्या हवेची अडचण ठरला. 1862 नंतरच्या काही वर्षांत, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, तट पाडले गेले, खंदक बुजवले गेले आणि दरवाजेही गेले. चर्चगेटच्या जागी फ्लोरा फाउंटन आले. बाजार दरवाजाचे नाव एका रस्त्याने जपले. बझारगेट स्ट्रीटला आता पेरीन नरिमन स्ट्रीट म्हणतात, तरी जुनी माणसे अजून बझारगेटच म्हणतात. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले, म्हणून या इतिहासातील एक गोष्ट मला विशेष भावते. त्याच परिसरात 1769 मध्ये बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक अवशेष आजही उरला आहे, आणि तो सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. बंदुकांसाठी बांधलेली भिंत आज रुग्णांच्या शेजारी उभी आहे. आणि रुग्णालयाचे दार रात्री लावता येत नाही, हे आम्हा परिचारिकांना कोणी शिकवावे लागत नाही.

बंधुभगिनींनो, तट पाडायला सरकारी हुकूम लागला. प्रार्थनास्थळाचे दार बंद व्हायला तसा हुकूम लागत नाही. दहा माणसे येईनाशी झाली की ते आपोआप बंद होते. रूथच्या कथेत बवाज बेथलेहेमच्या वेशीत जाऊन बसतो आणि गावातील दहा वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो, मगच रूथच्या भवितव्याचा निर्णय होतो. वेशीला वेसपण येते ते त्या दहा माणसांमुळे. मांडवी भागात आता आपली घरे फार थोडी उरली आहेत. कोणी उपनगरांत गेले, कोणी इस्रायलला, आणि कोणी आपल्यासारखे आखातात आले. ‘शाआर हारहामीम’ला मिन्यान जमवणे आज सोपे नाही.

अबू धाबीत 2023 मध्ये मोझेस बेन मैमोन सिनेगॉग उघडले, याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. ज्या देशात आपण पोटापाण्यासाठी आलो, तेथे उघडपणे प्रार्थना करता येते, ही लहान गोष्ट नाही. परंतु आपली मुले या नव्या दारातून आत जातात तेव्हा मांडवीचे जुने दारही त्यांनी पाहिलेले असावे. वर्षातून एकदा आपण सुटीवर मुंबईस जातोच. लग्ने, खरेदी, डॉक्टरांच्या भेटी यांतून एक शब्बाथ वेगळा ठेवा. मी व्यवहारी सूचना करते. ज्यांचे जाणे एकाच महिन्यात आहे, अशा घरांनी आधीच नावे नोंदवावीत आणि दहा जण एकत्र जावे. बरोबर मुलांना न्यावे. हझानांना आधी कळवावे, म्हणजे तयारी होईल. आजोबा-पणजोबांपैकी कोणाचे तेथे लग्न झाले, कोणाची बार मित्स्वा झाली, हे घरच्या वडिलांना आताच विचारून लिहून ठेवावे. सांगणारे फार दिवस उरणार नाहीत. माझ्या वयाची माणसे हे जाणतात.

येत्या किप्पूरला नेइलाची प्रार्थना सुरू होईल, दारे मिटण्याची ती वेळ असेल. त्याआधी ही यादी तयार व्हावी, एवढेच माझे मागणे आहे. पहिले नाव माझे लिहा. मिन्यानच्या दहांत माझी गणना होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मुलांना दार दाखवायला कोणीतरी म्हातारे माणूस बरोबर हवेच.

लेशाना तोवा. सर्वांना आयुष्य आणि आरोग्य लाभो.