स्मृतीसाठी पदयात्रा

स्मृतिभ्रंश झालेली माणसे पुष्कळदा चालत घराबाहेर पडतात. दार उघडे दिसले की पावले निघालीच. शहरात ती रहदारीत हरवतात. बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीसारख्या धानाच्या मुलखात ती बांध्यांच्या धुऱ्यांवरून, कधीकाळच्या एखाद्या वाटेने जातात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या 'अस्तु' या चित्रपटातील वृद्ध संस्कृत पंडित असेच एका हत्तीमागे निघून जातात. ती भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

ज्या चालण्याची धास्ती घरादाराने वर्षानुवर्षे बाळगली, तेच चालणे आईवडिलांच्या पश्चात मुलांनी त्यांच्या नावे करावे, ही कल्पना मला विलक्षण वाटते. चालणाऱ्याने अंतराचा संकल्प जाहीर करावा, आप्तेष्टांनी त्यावर रक्कम द्यावी, अशी ही रीत. अमेरिकेतील अल्झायमर असोसिएशनने अशी पदयात्रा १९८९ साली सुरू केली. आपल्याकडे १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीच्या शाखा २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या सुमारास 'मेमरी वॉक' काढतात.

चालणे आपणांस नवे नाही. पण वारकरी कोसामागे वर्गणी मागत नाही, नर्मदेची परिक्रमा करणाराही नाही. पायी हिंडून दुसऱ्यासाठी मागणारे आपल्या ओळखीचे म्हणजे विनोबा. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले आणि लाखो एकर जमीन पुढे पदरात पडली. मात्र त्यांतील बरीचशी वाटपाविना राहिली. मागणे सोपे, मिळालेले योग्य हाती पोहोचविणे अवघड, हे आपण तेथे पाहिले आहे. म्हणून पदयात्रा काढणाऱ्यांना मी प्रथम विचारीन, पैसा कशासाठी?

औषधांसाठी, असे उत्तर सहसा येते. परंतु अल्झायमर समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. खरा खर्च अहोरात्र जवळ बसणाऱ्या माणसाचा, आणि तो कोणत्याच वहीत चढत नाही. बहुधा पत्नी किंवा सून तो मुकाट्याने भरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील साठीपुढच्या लोकांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. या म्हणीने फार नुकसान केले आहे. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉईडचा विकार, खोल उदासीनता यांमुळेही विसराळूपणा येतो व त्यांवर उपचार होतात. म्हणीवर विसंबणारे घर डॉक्टरकडे जातच नाही.

आणि जावे तर कोठे? १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पण मोठ्या दवाखान्यासाठी या भागाचे पुष्कळसे लोक आजही गोंदिया-नागपूरचीच वाट धरतात. गोंधळलेल्या म्हाताऱ्याला घेऊन मोटारीने तो प्रवास करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

तेव्हा खैरलांजीत कोणी वडिलांच्या नावे चालणार असेल, तर जमलेल्या पैशांतून तज्ज्ञाला वर्षातून काही वेळा गावातच आणावे. सदऱ्याच्या आतून शिवायला नाव-पत्त्याच्या पट्ट्या कराव्यात. त्यांना खर्च थोडाच, पण वाट चुकलेला म्हातारा त्यांच्या आधारे घरी येतो. उरलेल्या रकमेतून सेवा करणाऱ्या बायकांना आठवड्यातून एखादी दुपार मोकळी मिळेल अशी माणसे नेमावीत. हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. चौकशीसाठी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

यात्रेच्या दिवशीची एक अडचण आयोजकांच्या ध्यानी येत नाही. जिने सर्वांत पुढे चालावे, ती सून त्या सकाळीही घर सोडू शकत नाही. तिच्या सासऱ्यांजवळ दोन तास कोण बसणार, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवावे.