अब्रू कुणाची?

एका संध्याकाळी शाळेपासूनचा मित्र रंकाळ्यावर भेटला. डॉक्टर आहे. इथंच कोल्हापुरात त्याचा दवाखाना. त्या दिवशी गप्प गप्प होता. कट्ट्यावर बसल्यावर म्हणाला, "एका लहान मुलीला तपासलं. घरातल्याच माणसानं तिच्यावर अत्याचार केलाय. आई हात जोडून सांगते, कुठं बोलू नका, आमची अब्रू जाईल. काय करू?"

मी चटकन बोलून गेलो, "त्यांच्या घरातला मामला. तू औषध दे आणि गप्प बस."

"गप्प बसणं हाच गुन्हा आहे," तो म्हणाला.

मला हे ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तो होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं. हे बंधन सगळ्यांवर आहे, डॉक्टरांवरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उलट, सद्‌हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पुरावे शोधणं पोलिसांचं काम, डॉक्टरांचं नव्हे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातलं आदिवासी मुलींचं २०१९ चं प्रकरण आठवत असेल. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती दडवली, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे त्या निकालात ठरलं नाही; पण माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं न्यायालयानं बजावलं.

मित्रानं त्या आईला पुन्हा बोलावलं, समजावलं आणि तिच्यासमोरच पोलिसांना फोन केला. मुलीचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

अब्रू हा शब्द फारसीतून मराठीत आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, तेज. शब्दांत आयुष्य घालवलेल्या मला त्या संध्याकाळी फक्त घराचा चेहरा दिसला. त्या पोरीचा दिसलाच नाही. तो डॉक्टरला दिसला.

तुमच्याही कानावर असं काही आलं, तर माझ्यासारखा सल्ला देऊ नका. पोलिसांना कळवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. तो लक्षात ठेवा.