गणवेश : समतेचा की हुकूमतीचा?

(पनवेल येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

जून महिना उजाडला की पनवेल तालुक्यातील रस्त्यांवर नाना तऱ्हेचे गणवेश दिसू लागतात. खारघर, कामोठे, नवीन पनवेल येथील खासगी इंग्रजी शाळांची मुले टाय-बूट घालून बसमध्ये चढतात. जुन्या गावातील अनुदानित विद्यालयांची मुले थोरल्या भावाबहिणीचा आखूड करून घेतलेला गणवेश घालून पायी निघतात. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शासनाच्या गणवेशाची वाट पाहत बसतात. मुलामुलांतील गरिबी-श्रीमंतीचा भेद झाकावा हा गणवेशाचा हेतू सांगितला जातो. प्रत्यक्षात कोणते मूल कोणत्या वर्गाचे, हे आज गणवेशावरूनच ओळखू येते.

पोशाखाचा प्रश्न क्षुल्लक आहे, पुढाऱ्यांनी त्यात वेळ दवडू नये, असे मानणाऱ्यांनी याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. पनवेल आणि महाड ही दोन्ही गावे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर लादले गेले आहेत ते टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. कोणी काय नेसावे हे ठरविण्याचा अधिकार ही जातिव्यवस्थेच्या हातातील एक बेडी होती, आणि ती तोडणे हा मनुस्मृतीच्या दहनाइतकाच परिषदेच्या कार्याचा भाग होता. पुण्यात सावित्रीबाई शाळेत निघाल्या की अंगावर शेणमाती फेकली जाई आणि त्यांना दुसरे लुगडे बरोबर न्यावे लागे, हे तर सर्वांच्या परिचयाचे आहे. स्त्री आणि शूद्र शाळेच्या दारात आले त्या दिवसापासून त्यांच्या वस्त्रांवर प्रस्थापितांची नजर आहे.

म्हणूनच गणवेश सरसकट झुगारून द्यावा, ही काही सुखवस्तू उदारमतवाद्यांची भूमिका कष्टकऱ्यांच्या पक्षाला मान्य होण्यासारखी नाही. तळोज्याच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाला रोज नवा कपडा परवडत नाही. एकसारखा वेश त्याच्या मुलीला वर्गात मान खाली घालण्यापासून वाचवतो. प्रश्न गणवेश असावा की नसावा हा नाही. त्याचा खर्च कोण सोसतो आणि त्याचे नियम कोण करतो, हा आहे.

प्रथम खर्चाचे पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरली. समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे दोन गणवेशांना ६०० रुपये धरले गेले. ही रक्कम बाजारभावाशी कितपत जुळते, हे कापडाच्या दुकानात एकदा जाऊन आलेल्या कोणत्याही आईला विचारावे. तरीही शाळा व्यवस्थापन समिती गावच्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवून घेई, आणि तेवढी मिळकत गावात राहत असे.

पुढे महाराष्ट्र शासनाला ‘एक राज्य, एक गणवेश’ ही कल्पना सुचली. २०२४-२५ या वर्षी कापडाची खरेदी राज्यपातळीवर एकवटली आणि नियमित गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे सोपविण्यात आली. परिणाम काय झाला? शाळा जूनमध्ये उघडल्या, पावसाळा सरत आला, तरी असंख्य शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. जे पोहोचले त्यांची मापे चुकल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. स्काउट-गाइडच्या गणवेशासाठी शाळांना कापड देऊन शिलाई व किरकोळ खर्चापोटी ११० रुपये देऊ केले गेले. त्या दरात शिवायला कोणता शिंपी धजावणार? अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. एकरूपतेची घोषणा मंत्रालयात झाली, तिची किंमत मात्र वाडीवरच्या पोराने वर्षभर जुन्या कपड्यांत बसून मोजली. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जातात. त्यांच्या मुलांसाठी दिवाळीनंतर येणारा गणवेश आला काय आणि न आला काय, सारखेच.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे, आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. शासनाचा हा मोफत गणवेश आठवीला संपतो. नववीत गेलेल्या मुलीला कपडा घेऊन देण्याची जबाबदारी शासन झटकते. आणि नेमक्या त्याच वयात ओढणीला पिन लावली की नाही, स्कर्ट गुडघ्याखाली किती आहे, केसांना कोणत्या रंगाची रिबीन आहे, या नियमांचा जाच वाढतो. कपडा पुरविण्याची वेळ आली की व्यवस्था अंग काढून घेते, आणि कपड्यावर हुकूम चालविण्याची वेळ आली की तीच व्यवस्था मोजपट्टी घेऊन दारात उभी राहते. समतेची भाषा येथे संपते आणि हुकूमतीची सुरू होते.

या हुकूमतीचे स्वरूप मुंबईच्या चेंबूरमध्ये उघडे पडले. तेथील आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. त्यानंतर लगोलग जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी आल्याचे प्रसिद्ध झाले. आज अल्पसंख्य मुलीच्या डोक्यावरील वस्त्राला लावलेला नियम उद्या सर्वांच्या अंगावरील वस्त्राला लागतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता? ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकण्याची मुभा मात्र दिली नाही. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले की, टिळा वा टिकली लावणाऱ्यांनाही महाविद्यालय बंदी करणार काय? धर्म दिसू नये म्हणून नियम केला असेल, तर तो एकाच धर्माच्या मुलींना का बोचतो, हाच त्या प्रश्नाचा गाभा होता.

पुरोगामी कार्यकर्त्यांपैकी काहींना येथे संकोच वाटतो. बुरखा ही स्त्रीदास्याची खूण आहे, मग तिची बाजू कशी घ्यावी? ही शंका प्रामाणिक आहे. परंतु दास्यातून सुटण्याची वाट शाळेतूनच जाते. वस्त्रासाठी मुलीला दाराबाहेर ठेवले तर ती पुन्हा त्याच घरात, त्याच दास्यात परत जाते. महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना आवाहन केले, हुकूम सोडला नाही. आवाहन आणि सक्ती यांतील हे अंतर ज्याला कळत नाही, त्याने मुक्तीची भाषा बोलू नये.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. २००५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरील पोलीस चौकीत एका पोलीस शिपायाने तरुणीवर बलात्कार केला. गुन्हेगार गणवेशात होता, आणि चर्चा सुरू झाली ती महाविद्यालयीन मुलींनी काय घालावे याची! मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही वेशाच्या सूचना निघाल्या : जीन्स-टी-शर्ट नको, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, पुरुषांनी शर्ट खोचून. रिक्त पदे भरण्याआधी शर्ट खोचण्याची काळजी वाहणारे हे शासन आहे.

याउलट उदाहरणेही आहेत. केरळमध्ये वलयनचिरंगरा येथील प्राथमिक शाळेने मुलामुलींसाठी सारखाच शर्ट आणि तीन-चतुर्थांश पँट ठरविली, आणि मुलींना धावण्या-खेळण्याची मोकळीक मिळाली. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून वर्गात आलेल्या तेरा वर्षांच्या मेरी बेथ टिंकरला शाळेने घरी पाठविले. १९६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की विद्यार्थ्याचे विचारस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाशी संपत नाही.

तेव्हा साथींनो, काम स्पष्ट आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या जागा कागदावर राहतात, कारण कार्यकर्ते तेथे पोहोचत नाहीत. पनवेल तालुक्यातील प्रत्येक शाखेने आपल्या भागातील समितीच्या बैठकीला पालकांना उभे करावे. मोफत गणवेश दहावीपर्यंत मिळावा, रक्कम बाजारभावाशी जोडावी, कपडा शाळेच्या पहिल्या दिवशी हाती पडावा, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे न्यावी. एकाच दुकानातून खरेदीची सक्ती करणाऱ्या शाळांविरुद्ध पालकांच्या लेखी तक्रारी गोळा कराव्यात. स्कर्ट, सलवार की पँट, हे मुलीने ठरवावे. नियम करताना आठवी-नववीच्या मुलामुलींना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. आणि कपड्याच्या कारणावरून एकही मूल वर्गाबाहेर उभे राहणार नाही, याची हमी शाळेकडून लेखी घ्यावी.

पुढच्या जूनला अजून अवधी आहे. समित्यांच्या बैठका मात्र आजही होत आहेत, आणि तेथील पालकांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. कामाला तेथूनच सुरुवात व्हावी.