लॅपटॉप डोंगल ओळखत नाही तेव्हा



2025 पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचे अर्ज तर त्याआधीपासूनच महाडीबीटीवर भरावे लागतात. घरातला जुना लॅपटॉप वायफाय पकडीत नाही म्हणून आपण बाजारातून छोटे डोंगल आणतो, यूएसबीच्या खाचेत बसवितो, आणि काहीच घडत नाही. मुदत दोन दिवसांवर आलेली असते. अशा वेळी कोणी "मदरबोर्ड गेला" म्हणाले, तर खिशात हात घालण्यापूर्वी तासभर स्वतः तपास करावा, एवढीच माझी विनंती आहे.

डोंगल खाचेत जाताच लॅपटॉप त्याला वीज देतो. डोंगल आपले दोन क्रमांक सांगते, एक बनविणाऱ्याचा व दुसरा वस्तूचा. त्या क्रमांकांवरून लॅपटॉप आपल्या साठ्यात ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात दुभाष्याचे महत्त्व मी काय सांगावे! तेव्हा प्रश्न दोनच: पाहुणा दारात आला का, आणि आला असल्यास त्याची भाषा कळली का?

स्टार्टच्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डोंगल काढून पुन्हा लावताना यादी जराही हलली नाही, तर दोष बहुधा खाचेत, विजेत वा डोंगलात आहे. मधली वायर किंवा हब काढा, दुसरी खाच वापरा. यूएसबी 2.0 ची खाच 500 मिलीअँपिअर वीज देते, 3.0 ची 900. लॅपटॉप 'शट डाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये शट डाउन केल्याने जुनी अवस्था पुष्कळदा पुरती पुसली जात नाही. शेजाऱ्याच्या संगणकावरही डोंगल मुकेच राहिले, तर पावती घेऊन दुकान गाठावे.

यादीत पिवळी खूण दिसली तर मात्र आनंद माना. पाहुणा आला आहे, दुभाषी तेवढा हवा. काही डोंगले प्रथम सीडीचे सोंग घेतात. त्या 'सीडी'तच ड्रायव्हर असतो. तो बसवून तिला 'इजेक्ट' म्हटले की खरे डोंगल प्रकट होते. पुष्कळांची फसगत येथेच होते.

ड्रायव्हर हवा तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठीच तर डोंगल आणले! यावर तोडगा खिशातच आहे. अँड्रॉइड फोन वायरीने जोडून सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. वायर मात्र माहिती वाहणारी हवी. काही स्वस्त वायरी केवळ चार्जिंगच्या असतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', 'हार्डवेअर आयडीज' येथे व्हीआयडी व पीआयडी हे क्रमांक पाहा. खोक्यावरचे नाव एकच असूनही आतली चिप आवृत्तीगणिक बदलते, म्हणून पाठीवरची आवृत्तीही वाचा. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. "सर्व ड्रायव्हर फुकट" म्हणणाऱ्या जाहिराती टाळाव्यात, त्यातून नको ते सॉफ्टवेअर घरात शिरते.

आणि हो, अर्ज अडला असेल तर टेदरिंग चालू होताच तो आधी भरून टाका. डोंगल रात्री पाहता येईल.